नारपोलीचा तोरा-क्लास आणि दहावा माणूस

आमच्या भिवंडीतल्या नारपोलीत लूमच्या रुईचं जसं आहे ना, तसंच या किश्श्यांचं आहे. सकाळी फडकं मारा, संध्याकाळी कपाटावर पुन्हा थर! आता पुरे, असं म्हणावं तर पुढच्या रविवारी क्लासमधलं एखादं कार्टं नवीन काहीतरी करून ठेवतंच आणि मी कपाळाला हात लावून बसते.

आधी क्लास कसला ते सांगते. नाहीतर तुम्हीही त्या कुरिअरवाल्यासारखं विचाराल, "मॅडम, इथे भजनी मंडळ आहे का?"

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. जुनी माणसं आम्हाला शनिवार तेली म्हणायची, कारण आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. आमच्यात मुलगा तेरा वर्षांचा झाला की त्याचा बार मिट्झवा होतो, मुलीचा बाराव्या वर्षी बाट मिट्झवा. त्या दिवशी मुलानं सगळ्यांसमोर तोरातला, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातला, त्या आठवड्याचा भाग हिब्रूत गाऊन म्हणायचा. तोही ठरलेल्या चालीत. आणि खरी गंमत पुढे आहे. चामड्यावर हाताने लिहिलेली जी तोराची गुंडाळी असते, तिच्यात ना काना-मात्रा, ना चालीच्या खुणा! नुसती अक्षरं. बाकी सगळं पोराच्या डोक्यात आधीच बसलेलं हवं.

ते बसवते मी, रूथबाई. पालिकेच्या शाळेतून रिटायर झालेली. मला हे शिकवलं माझ्या वडिलांनी. अप्पा आता शहाऐंशीचे आहेत आणि माझ्याकडेच राहतात. त्यांना डोळ्यांनी फार दिसत नाही, कान मात्र मांजराचे. क्लासमध्ये कोपऱ्यात खुर्चीवर बसतात आणि कुणाचा सूर घसरला की काठी आपटतात. घरी मात्र मी तेच गायले की म्हणतात, "बाईमानसाला काय करायचाय?" आणि दुसऱ्या दिवशी चार पोरं माझ्यासमोर आणून बसवतात!

* * *

क्लास भरतो आमच्या प्रार्थनेच्या खोलीत. मागे भिंतीला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना. खटखट, खटखट. शुक्रवारी लूम बंद, बाकी सहा दिवस ही साथ फुकट.

बेंजी नावाचा माझा एक विद्यार्थी होता. हुशार, आवाज खणखणीत, वर्षभरात सगळं तोंडपाठ. त्याचा बार मिट्झवा ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये होता. मोठी वास्तू, उंच छत, दोनशे माणसं, आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

बेंजी उभा राहिला. चार शब्द म्हणाला आणि थांबला. चेहरा पांढरा. मला वाटलं, विसरला! त्याची आई वरच्या सज्जात रडायला लागली. धर्मगुरूंनी हळूच पाठीवर हात ठेवला, "काय झालं बाळा?"

बेंजी त्यांच्याकडे घाबरून बघत म्हणाला, "लाइट गेली का?"

मी हबकलेच! मग प्रकाश पडला. या पोरानं वर्षभर लूमच्या ठेक्यावर पाठ केलं होतं. आमच्याकडे लूम बंद पडला म्हणजे लाइट गेली, आणि लाइट गेली की क्लासला सुट्टी! शेवटी त्याच्या बापानं पहिल्या रांगेत येऊन बुटानं फरशीवर ठेका धरला. खटखट, खटखट. पोरगं सुरू झालं ते थेट शेवटापर्यंत.

ठाणेकर अजून विचारतात, "ही भिवंडीची खास पद्धत का?" मी हो म्हणून टाकते.

* * *

आता प्रश्न असा की आमची स्वतःची खोली असताना बेंजीला ठाण्याला का नेलं?

कारण तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमले तरच तोरा उघडून वाचायची, असा नियम आहे. बायका यात धरत नाहीत. यावर माझं मत विचारू नका, फार मोठं आहे. एकेक घर इस्राएलला गेलं, काही ठाण्याला, काही मुंबईला, बेंजीचं तर आधीच कल्याणला, तो नुसता रविवारी क्लासला यायचा. भिवंडीत उरले अप्पा धरून नऊ! अकरा वर्षं आमची तोरा कपाटात उभी होती. वर्षातून एकदा अप्पा तिला ऊन दाखवायचे, नवीन रेशमी कापड नेसवायचे आणि कपाट बंद करायचे.

लोक म्हणाले, "अप्पा, ठाण्याहून एखादा माणूस बोलावू. पन्नास जण येतील." अप्पांनी काठी आपटली. "उसना मानूस न्हाय पायजे! इथली धा होतील तवा उघडू."

आणि त्यांची एकच इच्छा. डोळे मिटायच्या आधी एकदा आपली तोरा आपल्या खोलीत ऐकायची. दुसरं काही नाही. ही आशा सगळी एका पोरावर होती. शिमशोन. वय वर्षं बारा, लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरचा मुलगा. तो तेरा वर्षांचा झाला की तोच दहावा!

* * *

दहा, नऊ असं मी तुम्हाला सांगतेय खरी, पण आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. नजर लागते, अमंगळ समजतात. मग दहा शब्दांची एक प्रार्थनेची ओळ आहे, ती म्हणत एकेका माणसाकडे बोट करायचं. ओळ पुरी झाली की दहा भरले. नवव्या शब्दाचा अर्थ होतो 'पर्यंत' आणि दहाव्याचा 'सर्वकाळ'. आमची मोजणी अकरा वर्षं दर शनिवारी 'पर्यंत'वर येऊन थांबायची. मग अप्पा खाकरायचे आणि कपाट न उघडता प्रार्थना सुरू करायचे.

तर एकदा सर्व्हेवाली मुलगी आली, हातात टॅब घेऊन. मी स्वयंपाकघरात. ती अप्पांना विचारते, "आजोबा, घरात माणसं किती?"

अप्पा म्हणाले, "मोजत न्हाय."

"मग अंदाजे?"

"अंदाजे पण न्हाय."

"अहो आजोबा, मला आकडा भरायचाय!"

अप्पांनी तिला समोर बसवलं आणि ती ओळ शिकवायला घेतली. मी चहा घेऊन बाहेर येते तर काय, ती बिचारी टॅब मांडीवर ठेवून हिब्रूत म्हणतेय, आणि अप्पा काठी आपटून तिचा सूर सुधारतायत! वीस मिनिटांनी तिनं अप्पांकडे बोट केलं, पहिला शब्द म्हणाली. माझ्याकडे बोट केलं, दुसरा म्हणाली. मग माझ्याकडे रडवेल्या डोळ्यांनी बघत विचारलं, "मॅडम, आता ॲपमध्ये काय टाकू?"

* * *

यापेक्षा मोठा धक्का मला ताग्यानं दिला.

वाचून झालं की तोरा दोन्ही हातांनी उचलून सगळ्यांना दाखवायची असते. चांगलीच जड असते. सरावाला खरी तोरा कोण देणार? म्हणून मी मागच्या कारखान्यातून ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या कोऱ्या कापडाचा एक तागा मागून आणला. वजन साधारण तेवढंच. मुलांना ताकीद दिली, "हीच तोरा समजा! खरी तोरा हातातून पडली, तर ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्या सगळ्यांना उपास पडतात. चाळीस दिवस, दिवसभर उपाशी!"

व्हायचं तेच झालं. शिमशोननं तागा उचलला आणि धप्पकन पाडला. मी ओरडले, "गेली तोरा!" झालं, क्लास सुटला, मी विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात आयांचा मोर्चा! सगळ्यात पुढे शिमशोनची आई डायना, कमरेवर हात.

"रूथबाई, काय शिकवता काय तुम्ही? माझ्या पोरानं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही!"

"आमच्या सिप्पोरानं डबा तसाच परत आणला!"

"आमचा तर म्हणतो, चाळीस दिवस जेवायचं नाही, बाईंनी सांगितलंय!"

मला घामच फुटला. सातच्या सात पोरांनी आपापसात ठरवून उपास धरला होता, ताग्यासाठी! त्यातली सिप्पोरा साडेसहा वर्षांची. ती क्लासला येतच नाही, दादाला न्यायला आली होती आणि दारातून तिनं पाहिलं होतं.

मुलांना समजावलं तर ऐकेनात. "तुम्हीच म्हणालात, हीच तोरा समजा!" शेवटी अप्पांना मध्ये घातलं. त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं, गंभीरपणे विचारलं, "तागा कुनाच्या हातनं पडला?"

शिमशोन पुढे आला.

"तुला शिक्षा. आज दोनदा जेव. बाकीच्यांनी याला सोबत करा."

मोर्चा माझ्याच स्वयंपाकघरात जेवला. अप्पांना त्या रात्री झोपताना मी विचारलं, "हसू कसं आलं नाही तुम्हाला?" तर म्हणाले, "हसू कशापायी? कापडापायी उपाशी ऱ्हायली पोरं. खऱ्या तोरापायी मोठी मानसं तरी ऱ्हातील काय?"

* * *

शिमशोनचा तेरावा वाढदिवस जवळ यायला लागला तसतसा सगळ्या भिवंडीकर बेने इस्राएलांना अप्पांचा अचानक पुळका आला. गणित सोपं होतं. पोरगा वाढला आणि अप्पा गेले, तर पुन्हा नऊच!

जी माणसं सणाला फिरकत नव्हती ती शहाळी घेऊन यायला लागली. एकानं पडघ्याहून गावठी अंडी आणली. एकजण वज्रेश्वरीच्या गरम कुंडाचं पाणी कॅनमध्ये भरून घेऊन आला, गुडघ्यांसाठी. शिमशोनच्या बापानं तर मोरीत घसरू नये म्हणून रबरी चटईच आणून टाकली. अप्पांना शिंक आली की मोबाइलवरच्या ग्रुपवर पाच जण विचारायचे, "सर्दी का?"

अप्पा सगळं समजून होते. एकदा शहाळं पिता पिता म्हणाले, "अरे मेल्यांनो, दहावा येतोय म्हनून नववा जपताय व्हय?"

सगळे खाली बघायला लागले. मग अप्पाच म्हणाले, "जपा, जपा. मला पन जगायचाच हाय तवर." हे ऐकून मला गलबलून आलं. माझ्या आठवणीत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही एकमेव गोष्ट.

* * *

शनिवार आमचा शब्बाथ. त्या दिवशी काम नाही, विस्तव नाही, वाहन नाही. आता लांब राहणारी माणसं चालत कशी येणार? येतात बाइकवरून. पण अप्पांचा धाक असा की दोन गल्ल्या मागे गाड्या लावायच्या आणि तिथून चालत यायचं, कपाळावरचा घाम पुसत, जसे काही घरून पायी निघाले! एकदा शिमशोनचा बाप असाच आला, "शब्बाथ शालोम अप्पा, फार चालणं झालं आज." अप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथेच थिजले. हेल्मेट काढायचं राहिलं होतं!

अप्पा स्वतः मात्र उभ्या जन्मात शनिवारी वाहनात बसले नाहीत. माझी आई गेली तो दिवस शनिवार होता. दवाखान्यातून निरोप आला, तेव्हा भर उन्हात साडेतीन किलोमीटर चालत गेले. शेवटची भेट झाली नाही. त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत.

आमच्या गल्लीत रफिकभाई रिक्षावाले राहतात. मूळचे आझमगढचे, पण अप्पांना बापासारखं मानतात. दर शनिवारी अप्पा काठी टेकत निघाले की यांची रिक्षा बाजूनं, गोगलगायीच्या चालीनं. मागे हॉर्नचा कल्लोळ!

"चचा, बैठिए ना."

"न्हाय रे बाबा. आज शनिवार."

"मीटर बंद है चचा, पैसा नहीं लूँगा."

"तुजा मीटर बंद असंल, माजा चालू हाय," असं म्हणत अप्पा वर आभाळाकडे काठी करायचे.

हा संवाद मी बारा वर्षं दर शनिवारी शब्दशः ऐकलाय. रफिकभाई मला बाजी, म्हणजे ताई म्हणतात. म्हणायचे, "बाजी, एक दिन चचा बैठेंगे, देखना." मी हसायचे. भिवंडीचा पूल एका दिवसात दुरुस्त होईल, पण हे होणार नाही!

* * *

शेवटी तो शनिवार ठरला. सोमवारी आणि गुरुवारीही तोरा वाचता येते, पण त्या दिवशी अप्पा सोडून आठ जणांच्या आठ ड्युट्या. शनिवारच बरा. शिमशोनचा आवाज नेमका फुटायला लागला होता. वरच्या सुरात कोंबडा, खालच्या सुरात रेडा. पण शब्द पक्के. खोलीला रंग काढला, अप्पांनी तोराला पांढरं कापड नेसवलं.

आणि शुक्रवारी दुपारी अप्पा मोरीत पडले. त्याच न घसरणाऱ्या रबरी चटईवरून घसरून!

नाक्यावरच्या हॉस्पिटलात नेलं. हाड वाचलं होतं, पण पाय सुजून खांब झाला. वर बीपीही वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस हलायचं नाही." शिमशोनचा बाप तिथेच भिंतीला टेकून बसला. "माझ्याच चटईनं केलं," एवढंच म्हणत होता.

तारीख पुढे ढकलू म्हटलं, तर डायना रडायला लागली. पाहुणे आले होते, मलिद्याचे, म्हणजे आमच्या शुभकार्यातल्या गोड प्रसादाचे, पोहे भिजायला काढले होते, आणि पुढच्या आठवड्याचा भाग वेगळा, तो पोराला येतच नव्हता. आठ मोठे आणि शिमशोन, म्हणजे नऊ. मग अप्पांच्या खाटेपाशीच, दबक्या आवाजात, ठाण्याला फोन झाला. एक गृहस्थ यायला तयार झाले.

अप्पांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपलेत. मी उठले तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

शनिवारी सकाळी शेजारच्या मावशींना अप्पांजवळ बसवलं आणि मी खोलीवर आले. मागे लूम सुरू होते, खटखट. अप्पा येणार नाहीत म्हणून सगळ्यांनी बाइका खुशाल दारातच लावल्या होत्या. सहा बाइका, ओळीनं! ते बघून मला इतका राग आला की विचारू नका.

ठाण्याच्या पाहुण्यांची वाट बघता बघता दहा वाजले. तेवढ्यात, शब्बाथला खिशात असायलाच नको होता तो शिमशोनच्या बापाचा मोबाइल वाजला. पाहुणे माणकोली नाक्याला अडकले होते. पुढे कंटेनर आडवा झालेला. दोन तास तरी हलणार नाहीत!

शिमशोन पांढरी शाल घेऊन मध्ये उभा होता. काय वाटलं त्याला कुणास ठाऊक, त्यानं बोट वर केलं आणि ओळ म्हणत मोजायला सुरुवात केली. बाप, काका, एकेक जण. आठव्या शब्दानंतर बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि नववा शब्द म्हणाला. 'पर्यंत.'

आणि थांबला. अकरा वर्षं थांबायची तशी मोजणी थांबली.

बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

मी दाराशीच होते. सहा बाइकांच्या मधून आधी काठी आली. मग हॉस्पिटलचा हिरवा झगा, त्यावर कुणाची तरी चादर, हाताला सलाइनची पट्टी. मावशींचा डोळा चुकवून, सुजलेला पाय ओढत अप्पा उंबऱ्याशी आले. कुणाच्या तरी हातातलं हेल्मेट खाली पडलं आणि गडगडत अप्पांच्या पायापाशी येऊन थांबलं. अप्पांनी ते काठीनं बाजूला सारलं.

"मोज," ते शिमशोनला म्हणाले.

शिमशोननं अप्पांकडे बोट केलं आणि दहावा शब्द म्हटला.

अप्पांनी कपाटाकडे काठी केली. कपाट उघडलं. मला पुढचं नीट दिसलं नाही, कारण मी सरळ रडत होते. कोंबड्याच्या सुरात, रेड्याच्या सुरात, मागच्या लूमच्या ठेक्यावर शिमशोननं वाचायला घेतलं. एक चूक नाही, एकही नाही! अप्पांनी काठी एकदाही आपटली नाही.

मी बाहेर आले. रफिकभाईंना झापायचंच होतं. म्हाताऱ्या माणसाला असं उचलून आणतात का, ते पण आजच्या दिवशी? तर ते पायरीवर बसलेले. चेहरा घामानं भिजलेला, दोन्ही हात कानाला.

"बाजी, मैंने नहीं बिठाया! कसम से, मैंने पूछा तक नहीं! मैं तो सवारी लेकर अस्पताल के सामने से जा रहा था..."

"मग?"

रफिकभाईंनी आतल्या दाराकडे पाहिलं.

"चचा रास्ते के बीच में खड़े थे, बाजी. उन्होंने खुद हाथ दिखाया."